हात न फिरवलेला फोटो

१२ मार्च

भिंगरी,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडण.

तुझ्या लेकीचा फोटो मिळाला. म्हणजे पाकिटावर तसं लिहिलं होतं म्हणून समजायचं. आत निघालं ते साबणाच्या वेष्टनावरचं बाळ. त्याला ना सुरकुती, ना पुरळ, ना नाकाखाली सुकलेलं दूध. जन्मून दोन महिनेसुद्धा न झालेलं पोर इतकं इस्त्री केलेलं असतं होय? मी पोरं वाढवली नसतील, पण बघितली भरपूर आहेत.

माझी सगळी नोकरी पासपोर्ट कचेरीच्या खिडकीत गेली, हे तू विसरलीस. माणसाकडे बघायचं, फोटोकडे बघायचं, पुन्हा माणसाकडे बघायचं. तुझ्या सासऱ्यांच्या स्टुडिओचं पाकीट दिसलं की मी आधी भिंग काढायचे. एकदा एक गृहस्थ आले. गालावर चांगला वाटाण्याएवढा मस. फोटोत गाल नुकत्याच पुसलेल्या फळ्यासारखा. मी विचारलं, “प्रवासाला कोण निघालंय, तुम्ही की फोटो?” गृहस्थ म्हणाले, “बाई, फोटोवाल्यांनी प्रेमाने काढलाय.” म्हटलं, “मग सीमेवर त्यांच्या प्रेमाच्या भरवशावर उभे राहा. पुढचा माणूस!” हे प्रेमाने काढलेले फोटो मी वर्षानुवर्षं परत पाठवले, आणि नेमकं त्याच घरात तुझं लग्न ठरलं. नशीब म्हणतात ते हे.

आता मुद्दा. या फोटोतली डावी भुवई ही उजव्या भुवईचीच उलटी प्रत आहे. उजवीकडे टोकाला एक चुकार केस उभा आहे. डावीकडेही तस्साच, त्याच जागी. देव इतका आळशी नाही. म्हणजे तुझ्या सासऱ्यांनी पोरीचं अर्धं तोंड नव्याने बनवलंय. कशासाठी, ते मला कळतं. ती माझ्या रंगावर गेली असणार! तुझी आई गोरी, मी काळी. मिशनच्या शाळेत नाटक बसवताना सिस्टर गोऱ्या मुलींना देवदूत करायच्या आणि माझ्याकडे बघून म्हणायच्या, “तू पडदा ओढ.” मी सगळ्या देवदूतांना पडद्याआड ताटकळत ठेवायचे, ते वेगळं. पण माझ्या नातीला कोणी पडदा ओढायला लावलं तर मी तिथे येऊन तमाशा करीन.

मला खरा फोटो हवा. तुझी आई तिकडे समुद्रापलीकडे तुझ्या भावाकडे गुडघ्याचं ऑपरेशन करून बसली आहे, म्हणून सध्या आईचं काम माझ्याकडे आहे आणि ते मी चोख करणार. फोन करू नकोस. फोनवर ‘हो हो’ म्हणून निसटता येतं. कागदावर निसटायला शाई लागते.

आशीर्वाद, तुला आणि पोरीला. तुझ्या नवऱ्याला अर्धा.

मावशी

२१ मार्च

मावशी,

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की गुंडी दचकून उठली. हो, तिचं नाव सध्या गुंडी आहे, नाक सदऱ्याच्या गुंडीसारखं आहे म्हणून. खरं नाव ठरवण्यावरून घरात अजून मारामारी चालू आहे.

रंगाचं म्हणशील तर तो तुझाच आहे, आणि आवाजही. म्हणजे आमची खैर नाही. रंग कोणी पुसलेला नाही गं. माझ्या सासऱ्यांचा, बाबांचा, स्वभाव तुला माहीत आहे. खाली स्टुडिओ, वर घर. जिन्यावरून जो कोणी जातो त्याच्यावर ते मनातल्या मनात हात फिरवत असतात. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये तुझ्या कपाळावरच्या आठ्या काढून टाकल्या होत्या. आम्ही अर्धा तास शोधत होतो, ही हसरी बाई कोणाकडची! त्यांच्या हाताखाली सगळं जग प्रसन्न होतं. त्यांची पोटापाण्याची सवयच ती.

गुंडी मजेत आहे. स्टुडिओत लहान मुलांच्या फोटोसाठी एक वेताची टोपली आहे, तिच्यात झोपते. गिऱ्हाइकांना वाटतं बाहुली आहे. परवा एका आजीबाईंनी किंमत विचारली! डोक्याला सतत टोपी, तीही डावीकडे जरा खाली ओढलेली. फॅशनच आहे तिची. शेजारच्या काकू तेवढ्या येऊन काहीबाही बोलतात, पण त्यांचं कोण मनावर घेतो.

नव्या फोटोचं बघते. छपाईचं यंत्र बिघडलंय.

तुझी भिंगरी

२८ मार्च

भिंगरी,

फोटो छापणाऱ्याच्या घरात यंत्र बिघडलं म्हणे. शाळेत असताना तुझ्या पोटात दुखायचं ते फक्त गणिताच्या पेपरला. आठवतंय?

इथे माणसं सावलीला उभी राहून घाम पुसताहेत. तुमच्याकडे काय बर्फ पडतोय? या उकाड्यात तान्ह्या पोराला दिवसभर टोपी, तीही डावीकडे खाली ओढलेली. आणि डावीच भुवई नकली. मी म्हातारी झाले आहे, बावळट नाही. मागच्या पत्रात मी रंगावरून एवढी आदळआपट केली, ती बहुतेक फुकट गेली. गोष्ट दुसरीच आहे.

ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. शेजारच्या काकू काय म्हणतात, ते आधी लिही. नंतर टोपीखाली काय आहे ते लिही. मी ओरडणार नाही. ओरडले तर कागदावर ओरडेन, तो घडी करून ठेवता येतो.

मावशी

५ एप्रिल

मावशी,

घे. लपवायचं ते तुझ्यापासून नव्हतं, माझ्यापासूनच होतं. लिहिलं की खरं होतं.

गुंडी जन्मली तेव्हा कपाळाच्या डाव्या बाजूला फिकट पांढरट पट्टा होता, कोणी हलकी चापट मारून बोटं उचलावीत तसा. नर्स म्हणाली, बाहेर येताना दाबलं असेल. आठवडाभराने तो गुलाबी झाला, मग लाल, मग फुगू लागला. आता कपाळापासून कानशिलापर्यंत आणि डाव्या पापणीवर उतरलेला, पिकलेल्या टोमॅटोच्या सालीसारखा लाल, हाताला उंचवटा लागतो. सकाळी तो डोळा पुरता उघडत नाही. ती उजव्या डोळ्याने माझ्याकडे बघते आणि हसते. ते हसू बघून मी आत जाऊन रडते आणि बाहेर येऊन विनोद करते. तुझीच भाची.

काकू म्हणतात, पोटात असताना मी कशाला तरी घाबरून तोंडावर हात ठेवला असणार, तोच पोरीच्या तोंडावर उमटला. मी नऊ महिने फक्त भूक लागली म्हणून घाबरत होते.

गल्लीतले मुलांचे डॉक्टर चांगले आहेत. त्यांनी सांगितलं, याला हेमँजिओमा म्हणतात. बारीक रक्तवाहिन्यांचा पुंजका असतो. पुष्कळ बाळांना होतो, काही महिने वाढतो, मग पुढच्या काही वर्षांत आपोआप ओसरतो. चिमुकला असेल तर बघायचंसुद्धा नाही. पण चेहऱ्यावरचा असा मोठा, पसरलेला असेल, तर कधी कधी त्याच्या जोडीने आतही जन्मापासूनचं काही वेगळं असू शकतं: हृदयापाशी, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत, डोळ्यात. म्हणून मोठ्या रुग्णालयातल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना विचारायचं ठरलं. तिकडे जायचं म्हणजे पूर्ण दिवसाचा प्रवास, आणि तारीख मिळायला महिने. त्यांचा निरोप आला, आधी फोटो पाठवा, तातडीचं वाटलं तर लगेच बोलावते.

फोटो बाबांनीच काढले. सगळे दिवे लावून, पडदा बदलून, डाग मोजायला अंगठ्याएवढी पट्टी शेजारी ठेवून. स्टुडिओतूनच थेट तिकडे पाठवले. उत्तर आलं: डाग फिकट आणि सपाट दिसतो, पापणी मोकळी आहे, घाई नाही, सहा महिन्यांची झाली की आणा. गल्लीतले डॉक्टर म्हणाले, त्या एवढ्या मोठ्या, त्या म्हणतात तर ठीकच असेल. घरात सगळे हलके झाले. नवऱ्याने मला उचलून फिरवलं आणि पाठ धरून बसला.

मी मात्र हलकी झाले नाही. का, ते मला सांगता येत नाही. तिकडे गेलेल्या फोटोची प्रत सोबत ठेवते. बाबांना काही बोलू नकोस. तिला आंघोळ घातली की टॉवेलात गुंडाळून घ्यायला तेच पहिले हात पुढे करतात.

भिंगरी

९ एप्रिल

माझ्या भिंगरे,

आधी गुंडीला माझा पापा दे. डाव्या बाजूला. सांभाळून.

तुला उलगडत नाही, ते मला पाकीट फोडताक्षणी उलगडलं. तुझं पत्र एका हातात आणि फोटो दुसऱ्या हातात धरून मी खुर्चीत बसले आहे. पत्रात टोमॅटोच्या सालीसारखा लाल उंचवटा आहे. फोटोत कोणी उगाच लावलेली गुलाबी पावडर. पत्रात डोळा उघडत नाही. फोटोत तो टकटकीत उघडा आहे! दोन्हीपैकी एक जण खोटं बोलतंय. तुझं पेन यंत्राच्या सबबी सांगतं, पण एकदा टोपी काढली की खोटं बोलत नाही. उरला फोटो.

तुझ्या सासऱ्यांनी तिकडे जाणाऱ्या फोटोवरसुद्धा हात फिरवलाय, भिंगरी. डॉक्टरीणबाईंनी जे पाहिलं त्यावर बरोबर उत्तर दिलं. फक्त त्यांनी आपली गुंडी पाहिलीच नाही, दुसरीच कोणीतरी पाहिली.

आता माझं ऐक. पोरीला टोपी काढून खिडकीपाशी ने. दिवा लावू नकोस. तुझ्या फोनवरून समोरून, बाजूने, डोळा मिटलेला आणि उघडलेला, असे फोटो काढ. खालच्या मजल्यावरच्या कुठल्याही यंत्रात ते जाऊ देऊ नकोस. बाहेरच्या बाहेर डॉक्टरीणबाईंना पाठव आणि लिही की पहिले फोटो चुकीचे होते. आजच. सहा महिन्यांची वाट बघायची नाही. काकूंना सांग, तोंडावर हात ठेवायचाच असेल तर स्वतःच्या ठेवा.

पत्राला वेळ लागेल म्हणून मी नियम मोडून फोनही केला होता. तुझ्या मोबाईलमधली बाई म्हणाली, तू संपर्क क्षेत्राबाहेर आहेस. स्टुडिओत लावला, तुझ्या सासऱ्यांनी उचलला. “बाळ कसं आहे?” म्हटलं. म्हणाले, “एकदम प्रसन्न!” मी ठेवून दिला. म्हणून हे कुरिअरने, उद्या पोचेल.

त्यांना तू बोलू नकोस. ते काम माझं आहे, आणि मला आवडतं. सोबतचं बंद पाकीट त्यांच्या हातात दे. पण आधी फोटो पाठव, मग पाकीट.

मावशी

९ एप्रिल

व्याहीबुवा,

आपली ओळख जुनी आहे. माझ्या खिडकीपाशी आपली पाकिटं यायची आणि तशीच परत जायची. आपण मला खडूस म्हणत होतात, मला माहीत आहे. मी आपल्याला जे म्हणत होते ते शाळेतल्या सिस्टरनी शिकवलेल्या भाषेत बसत नाही.

तेव्हा फार तर कोणाचा प्रवास लांबायचा. या वेळी खिडकी डॉक्टरची आहे, आणि पलीकडे उभी आहे ती आपली नात. आपण तिची पापणी हलकी केलीत, डाग फिका केलात, आणि डॉक्टरीणबाईंनी आपल्या हातावर विश्वास ठेवून पोरीला सहा महिने मागे ढकललं. आतलं हृदय आणि डोक्याकडे जाणारी नस तपासायची की नाही, हे त्या फोटोवरून ठरणार होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त अवलक्षण आपलं नाही, तिचं होईल.

आपलं प्रेम मला कबूल आहे. फोटो नामंजूर.

खिडकीतली बाई

१० एप्रिल

विहीणबाईंस नमस्कार.

आपलं पत्र मी आधी रागाने वाचलं. मग खाली बसून वाचलं.

मी फसवायला गेलो नव्हतो, एवढं आपण मानाल तर बरं वाटेल, नाही मानलंत तरी तक्रार नाही. ते फोटो काढल्यावर मी फक्त उजेड सारखा करायला बसलो होतो. लोकांच्या डोळ्याखालची सूज जशी उतरवतो, तशी तिच्या पापणीची उतरली. कातडीचा लालपणा जसा खाली आणतो, तसा आणला. विचार करून केलं असतं तर आठवलं असतं. हात आपोआप चालला. वर मला समाधान वाटलं की फोटो चांगला आला!

सूनबाईने तिकडे नवे फोटो पाठवले, मग आपलं पाकीट माझ्या हातात दिलं आणि टेबलावर दोन फोटो शेजारी ठेवले, माझा आणि तिचा. मी आपली सवयीने म्हणालो, “हा कोणी काढलाय? उजेड चुकलाय.”

ती म्हणाली, “बाबा, उजेड खिडकीचा आहे. चुकलंय काय ते तुम्हीच सांगा.”

आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर सोपं गेलं असतं.

मी गुंडीला मांडीवर घेतलं आणि टोपी काढली. रोज बघतो हो मी तिला. पण माझे डोळेही हात फिरवूनच बघतात, हे मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे आपण सांगत होतात. मी ऐकत नव्हतो.

दुपारीच डॉक्टरीणबाईंचा फोन आला. “हीच ती मुलगी? लगेच निघा. कोणी काही समजावू नका, नुसतं निघा.” उद्या सकाळी निघतोय. मी कॅमेरा घरी ठेवतोय.

आपला,
फोटोवाला

२६ एप्रिल

मावशी,

रुग्णालयाच्या कँटीनमध्ये बसून लिहितेय. टेबलाचा एक पाय आखूड आहे, म्हणून अक्षर डुगडुगतंय. मी ठीक आहे.

डॉक्टरीणबाई तुझ्या जातकुळीतल्या निघाल्या. हनुवटीला बोट लावून गुंडीचा चेहरा दोन्हीकडे वळवून बघितला. मग बाबांना विचारलं, “पहिले फोटो कोणी काढले?” बाबा उभे राहिले, शाळेतल्या पोरासारखे. बाई म्हणाल्या, “फारच सुंदर होते. पुन्हा असं सुंदर काही मला पाठवू नका.”

मग धावपळ. हृदयाची सोनोग्राफी झाली, त्यात गुंडीने सोनोग्राफीवाल्याच्या शर्टावर दूध काढलं. डोळ्याच्या डॉक्टरांनी पापणी उचलून आत बघितलं. मग ते बोगद्यासारखं ठणठणणारं यंत्र, एमआरआय. त्यासाठी तिला झोपेचं औषध दिलं. ती आत असताना मी भिंतीवरची सूचना वाचत होते, ‘धातूच्या वस्तू बाहेर ठेवा’. तेवढंच एक वाक्य, पुन्हा पुन्हा. नवरा हात धरून होता. बाबा व्हरांड्यातला मिणमिणता दिवा बघत म्हणाले, “इथे कोणाचाच चेहरा चांगला दिसणार नाही.” मग स्वतःच म्हणाले, “नको दिसू दे.”

आता निकाल. दचकू नकोस, नीट वाच. मेंदू छान आहे. हृदयही छान, पण त्याच्यातून निघणारी मोठी धमनी वळणावर जराशी अरुंद आहे. आज काही करायचं नाही, पण दर काही महिन्यांनी बघायचं, वाढलं तर उपाय आहेत. मानेतून डोक्याकडे जाणारी डावीकडची एक रक्तवाहिनी बारीक आणि वाकडीतिकडी आहे. तिच्यावर कायम नजर ठेवायची. चेहऱ्यावरची मोठी गाठ आणि आतले हे फरक, असं मिळून जे होतं त्याला फेस म्हणतात म्हणे. इंग्रजी आद्याक्षरं जोडून केलेलं नाव आहे. तू स्पेलिंग विचारशीलच: पी, एच, ए, सी, ई.

डोळ्याचं सगळ्यात तातडीचं होतं. पापणी अशीच मिटून राहिली असती तर त्या डोळ्याने बघायचं शिकणंच सोडून दिलं असतं. सहा महिने थांबलो असतो तर... डॉक्टरीणबाईंनी ते वाक्य पुरं केलं नाही. मीही केलं नाही.

औषध सुरू झालंय. मूळचं मोठ्या माणसांच्या रक्तदाबाचं, थेंबांनी द्यायचं. मानेतल्या त्या नसेमुळे इथे ठेवून घेऊन अगदी हळूहळू वाढवताहेत, ठोके आणि साखर बघत. नियम एकच, पण कडक: पोटात दूध गेल्याशिवाय औषध नाही. दूध नाकारलं किंवा उलटी झाली तर तो डोस द्यायचाच नाही, विचारायचं.

आज सकाळी तिने डावा डोळा थोडा जास्त उघडला. मला तसं वाटतंय. नवरा म्हणतो तुझा भास. बाबांनी हात वर केले. म्हणाले, “माझ्या डोळ्यांना विचारू नका. मोजा.”

डॉक्टरीणबाईंनी त्यांना काम दिलंय. दर महिन्याला त्याच खिडकीत, त्याच अंतरावरून, पट्टी ठेवून फोटो. कुठेही हात न लावता. बाबा म्हणाले, “मला जमेल का?” आणि खरंच घाबरलेले होते गं.

तुझी भिंगरी

३ मे

भिंगरी,

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात गेले, तिथे काही काम नव्हतं, म्हणून परत आले आणि पुन्हा वाचलं.

फेस! इंग्रजीत तोंडाला जे म्हणतात तेच, फक्त स्पेलिंग चुकवून. आमच्या सिस्टर असत्या तर पट्टी घेऊन त्या डॉक्टर लोकांच्या मागे लागल्या असत्या. पण नस वाकडी असली तरी माणूस सरळ असू शकतो. माझ्या पाठीचा कणा बघ, सगळा वाकडा आहे, कोणापुढे वाकला आहे का?

धमनी, मान, डोळा: तिन्हीच्या तारखा कॅलेंडरवर लाल शाईने घाल. एकही चुकवायची नाही. मला प्रत्येकीनंतर पत्र हवं, आणि ‘सगळं ठीक’ एवढ्यावर भागवायचं नाही. ‘सगळं ठीक’ हे ‘एकदम प्रसन्न’चं भावंड आहे.

टोपी आता कपाटात ठेव. थंडी पडली की काढ. लोक बघतील. बघू दे. विचारतील, त्यांना सांग. काकूंना मी वेगळं पत्र घातलंय, वाचून त्या दोन दिवस आल्या नाहीत तर चिंता करू नकोस.

आणि तुझ्या सासऱ्यांना सांग, जमेल. ज्याला खोटं इतकं बारीक करता येतं, त्याला खरं कुठे आहे हे आम्हा सगळ्यांहून जास्त माहीत असतं. नुसता हात खिशात घालायचा.

मावशी

९ सप्टेंबर

विहीणबाईंस नमस्कार.

गुंडीच्या धमनीची दुसरी तपासणी झाली. अरुंदपणा होता तितकाच आहे, वाढलेला नाही. मानेतली नस तशीच वाकडी, डॉक्टर म्हणाले तिची सोबत जन्माची. औषध चालू आहे. डोळा उघडतो, आणि त्या डोळ्याने ती माझ्या चष्म्यावर नेम धरते. हे ‘सगळं ठीक’ नव्हे, सविस्तर आहे, याची नोंद घ्यावी.

आता अर्ज. तिकडे समुद्रापलीकडे तिच्या आजीचा गुडघा बरा झालाय पण विमानात बसण्याएवढा नाही. तेव्हा नातीनेच जायचं ठरलंय, डॉक्टरांच्या परवानगीने. त्यासाठी गुंडीला पासपोर्ट काढायचा आहे. फोटो मी काढलाय. दोन प्रती सोबत आहेत. कचेरीत देण्याआधी आपण बघावा, ही विनंती. आपण निवृत्त झालात, तरी माझ्यासाठी एकदा खिडकी उघडावी.

खरं सांगतो, तो यंत्रातून बाहेर येईपर्यंत मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो. सूनबाई हसत होती.

आपला,
फोटोवाला

१७ सप्टेंबर

व्याहीबुवा,

खिडकी उघडली. भिंग काढलं. चष्मा पुसला. रांगेत दुसरं कोणी नव्हतं, तरी मी आपल्याला थोडं ताटकळत ठेवलं, सवय जात नाही.

मागचा पडदा पांढरा: ठीक. दोन्ही कान दिसतात: ठीक. तोंड मिटलेलं नाही, पण या वयात ते मिटतं कधी? दोन भुवया, दोन वेगवेगळ्या: अभिनंदन. हनुवटीवर लाळेचा थेंब आहे. तो आपण तसाच ठेवलात! भिंगातून बघताना मला वाटलं, कागद ओला झाला की काय. नंतर कळलं, कागद खरंच ओला झाला होता. तो ओलावा लाळेचा नव्हता, आणि गुंडीचाही नव्हता. असो.

आणि डाग आहे. कपाळापासून पापणीपर्यंत, जिथे आहे तिथे, जेवढा आहे तेवढा. मधोमध करडा पडायला लागलाय, कडेला अजून लाल. भिंगरी म्हणते, करडा पडणं म्हणजे ओसरायला लागणं. मी मोजलं नाही, पण डोळ्यांना दिसतंय, आणि माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास आहे.

एक अडचण सांगते, आधीच माहीत असावी. लहान मुलांचा पासपोर्ट काही वर्षं चालतो. डॉक्टरीणबाई म्हणतात तसं झालं, तर तेवढ्या वर्षांत हा डाग जवळजवळ जाईल. गुंडी तेव्हा बोलायला लागली असेल, माझ्यासारखीच. कुठल्या तरी कचेरीत, कुठल्या तरी खिडकीत माझ्यासारखीच एखादी खडूस बाई बसलेली असेल. ती पोरीच्या स्वच्छ कपाळाकडे बघेल, फोटोकडे बघेल, पुन्हा पोरीकडे बघेल आणि विचारेल, “प्रवासाला कोण निघालंय, तू की फोटो?”

तेव्हा गुंडीला सांगून ठेवा काय म्हणायचं ते. म्हणावं, “बाई, फोटो माझ्या आजोबांनी काढलाय. तेव्हा मी अशीच होते.”

एक प्रत परत पाठवतेय. दुसरी माझ्याकडे राहील.

मंजूर.

मावशी